डाव्या चाकाचं गाऱ्हाणं

त्यांच्याकडे गाडी नेली की आधी तोंडाने आवाज काढून दाखवावा लागे. त्यातून कुणाचीही सुटका नव्हती. शेलूबाजारला हमरस्त्याच्या कडेला, कडुनिंबाखाली त्यांची पत्र्याची शेड होती. शेडला पाटी नव्हती आणि त्यांच्या हाताखाली माणूस नव्हता. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, मीही तेच म्हणायची. गाडी शेडसमोर येऊन उभी राहिली तरी मिस्त्री गाडीकडे ढुंकून बघत नसत. स्टुलावर बसल्या बसल्या फडक्याला हात पुसत मालकाला विचारत, "कसा आवाज येते? काढून दाखवा."

मालक म्हणे, "पुढच्या चाकातून येतो बहुतेक."

"कुठून येते ते मी पाह्यतो. कसा येते ते तुमी सांगा. तोंडानं काढा."

एकदा एक गुत्तेदार आले होते. पांढरे कडक कपडे, हातात दोन फोन, मागे हो ला हो म्हणायला दोन माणसं. मी माझी गाडी आणून बाजूला बसले होते. गुत्तेदारांनी आधी ही गाडी कुठल्या कुठल्या शहरात दाखवून झाली त्याची यादी सांगितली. मिस्त्रींनी ती शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "आता आवाज काढा." गुत्तेदारांनी सोबतच्या माणसाला डोळ्याने खुणावलं.

"त्यायनं नाही, तुमी. गाडी तुमी चालवता न?"

समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं बाकावर जरा पुढे सरकून बसली. गुत्तेदार खाकरले, इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "कुईं."

"एकडावच?"

"नाही, कुईं कुईं कुईं."

"ब्रेक दाबल्यावर वाढते का जाते?"

"जातो."

"मंग दोनी काढा. दाबायच्या आंधीचा आनि दाबल्यावरचा."

मग काय, गुत्तेदारांना रंग चढला. पायाने खोटा ब्रेक दाबत, सोडत, पुन्हा दाबत त्यांनी असा काही आवाज काढला की निंबावरचे कावळे उडाले. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते. "ब्रेकचे पॅड थकले," ते म्हणाले. "पत्री घासून राह्यली. तिचं कामच हाये ते, वरडून सांगाचं." टपरीवर कुणी हसलं नाही. तिथल्या प्रत्येकाने कधी ना कधी त्या शेडसमोर उभं राहून स्वतःच्या जीपचा, नाहीतर ट्रॅक्टरचा आवाज काढलेला होता.

मिस्त्रींच्या तोंडी "खराब" हा शब्द नसे. बेरिंग थकलं, पॅड थकले, नट थकला, सगळं नुसतं थकलेलं. गाडी जॅकवर चढवलेली असताना ते चहा पीत नसत, कुणाला पिऊही देत नसत. गाडी टांगलेली असताना आपण चहा प्यायचा म्हणजे बेअदबी, असं त्यांचं म्हणणं. चाक फिरवायचं असेल तर मालकाला खाली बसवत. "फिरवा हळू," म्हणत आणि स्वतः स्प्रिंगवर तळहात ठेवून आत काय खरखरतंय ते बघत. मी दोन साड्या तिथे काळ्या केल्या. तिसऱ्या वेळेपासून ड्रेस घालून जाऊ लागले.

माझी गाडी म्हणजे पंधरा वर्षं वापरून झालेली, चौकोनी तोंडाची, राखाडी. कारंजाच्या एका निवृत्त डॉक्टरांकडून मी ती घेतली तेव्हा मला एकोणपन्नासावं चालू होतं, आणि घरात माझ्याशिवाय ती कुणालाही नको होती. मी राहते वाशिमला, माझी शाळा शेलूबाजारच्या पुढच्या एका खेड्यात. तोवरची सगळी वर्षं मी जीपने जात होते. भरल्याशिवाय जीप हलत नाही, आणि जीप भरली असं जीपवाल्याला कधी वाटत नाही. अर्धी मी सीटवर, अर्धी कुणाच्या तरी मेथीच्या गाठोड्यावर अशी शाळेत पोचायची, तोवर हजेरीवर लाल शेरा तयार असायचा. गाडी आली आणि मी पहिल्यांदा माझ्या वेळेला घरातून निघू लागले. एकटी. खिडकी उघडी, डोक्यावर कुणाची पेटी नाही, मांडीवर कुणाचं पोर नाही. ते सुख मला फार उशिरा मिळालं होतं आणि मी ते सोडणार नव्हते.

आमच्या ह्यांनी गाडी चालवण्याबाबत मला एकच सल्ला दिला. स्वतः ते सायकलच्या पलीकडे कशावर विश्वास ठेवत नाहीत, पण सल्ला दिला. "समोरून काही आलं की गाडी कडेला खाली उतरवायची. रस्ता काही आपल्या बापाचा नाही." मुलगा पुण्याला इंजिनिअर आहे, त्यानेही फोनवर तेच सांगितलं. मी तशी कुणाचं ऐकणारी बाई नाही. शाळेत मुख्याध्यापकसुद्धा माझ्याशी बोलताना आधी खुर्ची नीट करून बसतात. पण गाडीच्या बाबतीत मी नवशिकी होते, म्हणून हा सल्ला मी मनापासून पाळला.

मिस्त्रींची आणि माझी पहिली भेट झाली ती टक-टक आवाजामुळे. एके सकाळी पुढच्या चाकातून टक, टक, टक असा आवाज येऊ लागला आणि वेग वाढवला की तो जोरात धावू लागला. चाक आता निखळून शेतात जाणार अशी माझी खात्री झाली. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, देवाचं नाव घेत मी शेडपर्यंत आले. मिस्त्रींनी आवाज काढायला सांगितला. मी बाई माणूस, भर रस्त्यावर, समोर टपरी. पण चौथीच्या वर्गाला पंचवीस वर्षं कविता शिकवलेली आहे, मी लाजणार थोडीच. टकटक असं खणखणीत करून दाखवलं, वेगासकट. मिस्त्री पहिल्यांदा स्टुलावरून उठले.

"असा आवाज काढनारं मानूस आजलोक नवतं आलं," ते म्हणाले. खाली बसून त्यांनी टायरच्या खाचेतून पेचकसाने बोराएवढा खडा उकरून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "हे घ्या म्याडम तुमच्या गाडीचं दुखनं. पुढच्या वक्ती इतलं भेऊ नका."

तो खडा मी गाडीत समोर काचेपाशी ठेवून दिला. अजून आहे.

त्यानंतर मी शाळेतून परतताना शेडपाशी थांबू लागले, आवाज असो नसो. मला त्यांचं बोलणं आवडायचं. गाडीत बसल्यावर ते आधी चपला काढत आणि अनवाणी तळवे गाडीच्या तळाला टेकवत. "कानाले अर्धंच समजते. बाकीचं पायाले," असं म्हणत. माझ्या मुलाने एकदा सुचवलं की आवाज फोनवर रेकॉर्ड करून पाठव, मी ऐकतो. मी मिस्त्रींना विचारलं, तुम्हालाही पाठवू का? ते चांगलेच दुखावले. मग म्हणाले, "फोनमंदी आवाज येते म्याडम, थरथर नाही येत."

चाचणीची फेरी घ्यायची तर गाडी तेच चालवत. मालकाने मागे बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असलं की आपल्याला काही ऐकू येत नाही, असा त्यांचा दावा होता. आणखी एक गोष्ट म्हणजे रबराशी त्यांचं जन्माचं वाकडं होतं. खडा काढण्यापलीकडे टायरला ते हात लावत नसत. टायर म्हणजे पंक्चरवाल्याचं काम. "लोखंड बोलते," ते म्हणत, "रबर मुकं असते. रबराचं मले इचारूच नका."

अशा माणसाला प्रवास कसा झेपणार? त्यांची स्वतःची गाडी नव्हती. सायकल होती, आणि ती इतकी तेलपाणी केलेली की मागून आली तरी कळायची नाही. एसटीत बसले की त्यांना चारी बाजूंनी चाकं ऐकू येत. सीट मिळाली तरी बसत नसत, ड्रायव्हरशेजारी दांड्याला धरून उभे राहत आणि त्याला बातम्या देत. एकदा पुतणीच्या लग्नाला कारंजाला निघाले. बसच्या मागच्या चाकाला काय होत होतं कोण जाणे, मिस्त्रींना ते सहन होईना. त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, कंडक्टरला सांगितलं, दोघांनी मान डोलावली आणि बस तशीच चालू ठेवली. शेवटी मिस्त्री अर्ध्या वाटेत उतरले आणि उरलेलं अंतर नव्या धोतरानिशी पायी तुडवलं. पोचले तेव्हा पंगती उठल्या होत्या. कुणी विचारलं तर म्हणत, "ते चाक रडून राह्यलं होतं. मी काहून बसू त्याच्यावर?" चालत्या गाडीत आयुष्यात कधी माझा डोळा लागला नाही, हे ते तक्रार म्हणून सांगत की अभिमान म्हणून, ते मला कधी कळलं नाही.

तर, गाडी घेतल्याला दीड वर्ष झालं आणि घूंऽऽ सुरू झालं.

हा आवाज टकटकीसारखा उघड नव्हता. चाळीसच्या पुढे वेग गेला की लांबून कुठेतरी विमान जात असावं असं वाटे. पन्नासला ते विमान जवळ येई. महिन्याभरात रेडिओ लावायची सोय राहिली नाही. मुलगा गणपतीला आला होता, त्याने एक चक्कर मारली आणि निदान करून टाकलं. गाडी संपली. जुन्या गाडीत एक गेलं की सगळं जातं. "आई, बेरिंग अडकलं तर चाक जाम होतं. तू एकटी असतेस रस्त्यावर. मी दिवाळीला येतो तेव्हा आवाज गेलेला असेल तर ठेव. नसेल गेला तर गाडी मी पुण्याला घेऊन जातो आणि विकून टाकतो."

आमचे हे म्हणाले, "बरोबर बोलतोय तो."

मुलगा प्रेमानेच बोलत होता, मला कळत होतं. त्यामुळे भांडताही येईना. रात्रभर मला जीपमधलं मेथीचं गाठोडं दिसत राहिलं. दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना सगळं सांगितलं, दिवाळीसकट. घूंऽऽ काढून दाखवलं. ते नेहमीसारखे चपला काढून गाडी चालवायला बसले, मी मागे. मोकळ्या रस्त्यावर त्यांनी गाडी जरा उजवीकडे झुकवली, घूंऽऽ वाढलं. डावीकडे झुकवली, कमी झालं.

"उजवीकडे वळली का डाव्या चाकावर वजन पडते," ते म्हणाले. "डावं बेरिंग थकलं. पुढचं. लिहून घ्या."

बेरिंग बदललं. ते दाबून बसवायला मिस्त्री स्वतः मंगरुळपीरला जाऊन आले, अर्थातच बसमध्ये उभ्याने. मी खुशीत पेढे नेले. पेढा खाऊन निघाले, चाळीस ओलांडले, आणि घूंऽऽ.

मला वाटलं भास. पन्नासला गेले. भास नव्हता.

परत वळून शेडला आले. मिस्त्री ऐकूनच घेईनात. "होऊच शकत नाही. तुमच्या कानात जुना आवाज बसला म्याडम." मग माझाही पारा चढला. टपरीवरच्या सगळ्यांच्या देखत मी असं घूंऽऽ काढलं की मिस्त्री मुकाट्याने चपला काढून गाडीत बसले. दोन किलोमीटर जाऊन आम्ही परत आलो. इंजिन बंद करून ते चपला हातात घेऊनच खाली उतरले.

"माहा कान खोटा पडला," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की माझा राग कुठल्या कुठे गेला. काढलेलं जुनं बेरिंग त्यांनी खिशात टाकलं. पुढचे दोन दिवस मी शेडवरून गेले तर ते स्टुलावर बसून ते बेरिंग बोटावर फिरवत होते आणि टपरीवाला हातवारे करून मला सांगत होता की यांनी चहा सोडलाय. मलाच अपराधी वाटायला लागलं. दिवाळी चार दिवसांवर आली होती, आणि आता घूंऽऽ ऐकताना मला गाडीपेक्षा त्या माणसाचं जास्त वाईट वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकाची कडी वाजली. बघते तो मिस्त्री! पहिल्या एसटीने वाशिमला आले होते. खिशातलं बेरिंग काढून त्यांनी माझ्या हातात दिलं.

"फिरवा हे."

मी फिरवलं. ते लोण्यासारखं फिरलं.

"हे थकलंच नवतं. काढाच्या आंधी स्प्रिंगवर हात ठेवला तवा हाताले काईच लागलं नवतं मले. पन कान म्हने बेरिंग, मी कानाचं आयकलं." मग जरा थांबून, आयुष्यातला सगळा नियम मोडत ते म्हणाले, "आज गाडी तुमी चालवा. मी मांगं बसतो. रोज शाळेत जाता तशा चाला."

"तुमच्या देखत?"

"मी हाओच नाही असं समजा."

मी निघाले. आरशात मिस्त्री दिसत होते, चपला काढलेल्या, डोळे मिटलेले, तळहात डाव्या दारावर. गाव संपलं. समोरून ट्रक आला, मी नेहमीसारखी रस्ता सोडून खाली मुरमावर उतरले, ट्रक गेला, पुन्हा वर चढले. मिस्त्रींनी डोळे उघडले. मग ट्रॅक्टर आला. मी उतरले, चढले. मग एक मोटरसायकल. मग शेळ्या. मिस्त्री आता पुढच्या सीटला धरून बाहेर वाकून बघत होते. सोयाबीनची कापणी संपलेली, दोन्हीकडे रिकामी वावरं, लांब वळणापर्यंत सरळ रस्ता.

"म्याडम, तुमी खाली काहून उतरता?"

"समोरून ट्रक आला ना."

"तो त्याच्या पट्टीतून आला, त्याच्या पट्टीतून गेला. बरं, ते सोडा. आता काहून उतरल्या?"

मी बघितलं. समोर कुणी नव्हतं. वळणापर्यंत चिटपाखरू नव्हतं. आणि माझी डावी दोन्ही चाकं मुरमावर होती. मला ठाऊकसुद्धा नव्हतं.

"थांबवा गाडी," मिस्त्री म्हणाले.

ते उतरले आणि रस्त्याचा काठ बघत उभे राहिले. वर्षानुवर्षं डांबरावर डांबर चढवून रस्ता चार बोटं उंच झालाय, आणि काठ विळ्यासारखा कापलेला. मग ते पुढच्या डाव्या चाकापाशी बसले. ज्या रबराला कधी हात लावला नाही त्यावरून त्यांनी तळवा फिरवला. आधी एका दिशेने, मग उलटा. मला बोलावलं.

"लावा हात. असा गुळगुळीत लागते न? आता उलटा फिरवा."

उलटा फिरवला तर हाताला करवतीसारखे दाते लागले. आतल्या अंगाला लाटा उठल्या होत्या. वरून दिसायला टायर अगदी चांगला होता.

"रोज जाता-येता इतल्या खेपा हा काठ घासते त्याले. तेच वरडून राह्यलं." मिस्त्रींचा चेहरा तीन दिवसांत पहिल्यांदा उजळला होता. ते टायरवर थोपटत म्हणाले, "रबर बोलते बाप्पा! इतली वर्षं मीच त्याले मुकं समजलो. आनि गाडी मी चालवत होतो, मी तं मधून चालवतो. मले कसं समजन?"

शेडवर नेऊन त्यांनी पुढचं डावं चाक मागे उजवीकडे लावलं, मागचं उजवं पुढे आणलं, आणि पुन्हा मलाच चालवायला बसवलं. घूंऽऽ मागे गेलं होतं. आम्ही दोघं लहान मुलांसारखे हसलो. चाकं परत जागच्या जागी लावून डाव्या बाजूला दोन नवे टायर बसवले, चाकांची रेषा सरळ करून आणली, आणि गाडी खाली उतरल्याबरोबर मिस्त्रींनी सगळ्यांसाठी चहा सांगितला.

चहा झाल्यावर मात्र त्यांनी मला मोकळं सोडलं नाही. "टायर नवे झाले. तुमी तशाच चालवल्या तं सा महिन्यांत पुन्ना घूंऽऽ. चाला, बसा."

पुन्हा ते मागे, मी पुढे. समोरून कापसाचा ट्रक येत होता, दोन्ही बाजूंनी फुगलेला. माझे हात आपोआप डावीकडे जाऊ लागले.

"उतरू नका."

"अहो, तो केवढा आहे!"

"असू द्या न. तो आंगावर आला तं उतरा, मी काई म्हननार नाही. पन तो त्याच्या पट्टीत हाये. तुमी तुमच्या पट्टीत ऱ्हा. तुमी कोनाची जागा घेऊन राह्यल्या का?"

मी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं. ट्रक मोठा होत गेला, काच त्याने भरून गेली, आणि मग वाऱ्याचा एक झोत देऊन तो उजवीकडून निघून गेला. काहीच झालं नाही. तो त्याच्या वाटेने गेला, मी माझ्या. मला एकदम रडू आलं, आणि कशाचं ते मिस्त्रींना सांगता येईना. शाळेत कुणापुढे न वाकणारी मी, दीड वर्षं शेळ्यांनासुद्धा रस्ता देत होते. समोर कुणी नसतानाही देत होते.

"एक गेला," मिस्त्री मागून म्हणाले. "चाला, आजूक पाहू."

मुलगा धनत्रयोदशीला आला. दुसऱ्या दिवशी शेजारी बसला आणि म्हणाला, चल, ऐकू दे. मी चाळीस ओलांडले, पन्नास ओलांडले. त्याने कान लावला. फक्त वारा ऐकू येत होता. "नुसते टायर होते?" तो म्हणाला, त्याचा विश्वास बसेना. तेवढ्यात समोरून मोठा ट्रक आला आणि तो ओरडला, "आई, खाली घे! खाली घे!"

मी घेतली नाही. ट्रक गेला. मुलगा माझ्याकडे वळला.

"तू अशी कधीपासून चालवायला लागलीस?"

"सोमवारपासून," मी म्हणाले.

दिवाळीनंतर तो पुण्याला बसने गेला. गाडी माझ्या दारात राहिली. त्या दिवसापासून शेडवरून जाताना मी थांबले की मिस्त्री मला नमस्कार करायच्या आधी डावं चाक बघत. बाजूवर मुरमाची लाल धूळ दिसली तर चहा नाही. धूळ नसली तर न बोलता टपरीकडे दोन बोटं वर करत. आणि हो, त्यानंतर आलेल्या प्रत्येक मालकाला ते म्हणू लागले, "एक चक्कर तुमीच मारा. मी मांगं बसतो." टायरवरूनही हात फिरवू लागले. मोठ्या माणसाने सवय बदलणं किती अवघड असतं ते मला माझ्या नोकरीत रोज दिसतं, आणि मिस्त्री तर पासष्टीचे, म्हणून या गोष्टीचं मला फार अप्रूप वाटतं.

गेल्या वर्षी रस्ता रुंद करायला निघाला आणि शेड हलवायची वेळ आली. नवी जागा शोधण्याऐवजी मिस्त्रींनी कारंजाला लेकीकडे राहायला जायचं ठरवलं. लेक कधीची मागे लागली होती. जाताना टेम्पो करणार होते, मी म्हटलं, मी सोडते. डिकीत त्यांच्या हत्यारांची पेटी, ते स्टूल आणि कपड्यांची एक पिशवी मावली. सायकल त्यांनी टपरीवाल्याला दिली. टपरीवाल्याने आमच्याकडून चहाचं काही घेतलं नाही, फक्त जाताना तोंडाने हळूच "कुईं कुईं" केलं, आणि मिस्त्री डोळे पुसत हसले.

"पुढे बसा," मी म्हणाले.

"नाही, मांगंच बरं."

चपला काढून, तळवे टेकवून, डोळे मिटून ते बसले. मी मनातून परीक्षेला बसल्यासारखी. थोडं पुढे गेल्यावर विचारलं, "मिस्त्री, काही येतंय का कानावर?"

"चालू द्या," ते म्हणाले.

आणखी थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. उत्तर नाही. मला धास्ती वाटली, मागच्या चाकात काहीतरी सापडलं असणार आणि ते नीट ऐकत असणार. वेग कमी केला. तरी उत्तर नाही. शेवटी आरशात पाहिलं.

मिस्त्रींची मान काचेला टेकली होती, तोंड थोडं उघडं होतं, आणि ते गाढ झोपले होते.

समोरून ट्रकांची रांग येत होती. मी माझी पट्टी सोडली नाही. चाक एकदा जरी काठाखाली गेलं असतं, तरी त्यांना जाग आली असती. कारंजा येईपर्यंत त्यांना जाग आली नाही.